न फुटणारी पेटी

सुदर्शन माझा धाकटा भाऊ. मंचरच्या बाजारात कांद्याचा टेम्पो चालवायचा. टेम्पो लावण्यावरनं एकाचे दात पाडले, मापाड्याच्या डोक्यात जॅकचा दांडा घातला, बांधावरच्या भांडणात सख्ख्या चुलत्याच्या हाताचं हाड मोडलं. मी थोरली, मला आमच्याच गावात, अवसरीत दिलेली, घराला घर लागून. लई येळा त्याच्या कानाखाली दिल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

पण मासे म्हणलं की हाच माणूस लोण्यावाणी. पोरपणी ओढ्यातली बारकी मासळी बाटलीत ठेवायचा. लग्नानंतर घरात काचंची मोठी पेटी आणली. चहाच्या आधी माशांना दाणे, त्यांच्याशी गप्पा. बायकोशी, आरतीशी, असं मऊ कधी बोलला असंल तर शपथ.

दोन हजार चारची दिवाळी नुकती झाली व्हती. ताट वाढायला उशीर झाला म्हणून हा ओरडला. आरती म्हणली, "माशांचं येळेवर करता, पोरीला डॉक्टरकडं न्यायला सवड न्हाई." त्यानं बसायचा पाट उचलून तिच्या तोंडावर फेकला. ती वाकली, पाट पेटीवर बसला. घरभर पाणी, काचा, तडफडणारे मासे. त्यांची संस्कृती पाच वर्षांची. रडणं न्हाई, काही न्हाई, काचांतच बसली आन् मासे फ्रॉकात गोळा करायला लागली. तळहात फाटला, फ्रॉक लाल झाला. तरी हा आरतीचे केस धरून तिला भिंतीवर आपटतच व्हता. मी धावत आले, मुसळ उगारलं, तवा त्यानं तिला सोडलं. पोरीला टाके घातले आन् आरती तिला घेऊन दवाखान्यातनं तशीच शिनोलीला माहेरी गेली.

दोन वर्सं बैठका झाल्या, पाव्हणे झिजले, आरती येईना. मंग एक दिवस हा म्हणला, "अक्का, परत मासे पाळायचे म्हणतो. पोरीसाठी पेटी नेतो, बघ येतात का न्हाई दोघी." लई बरं वाटलं मला. म्हणलं, माणूस ताळ्यावर आला. त्याच्या संगं मंचरला गेले.

दुकानदार म्हणला, "भाऊ, आता सगळं एकातच येतं. झाकण, लाईट, फिल्टर, सगळं बसवलेलं. पाणी भरा, वायर लावा, झालं." त्यानं काचंची एक दाखवली. लई देखणी व्हती. सुदर्शन मागं सरला.

"काच नको. काचंनंच घात केला माझा."

"काचंनं व्हय?" मी म्हणले. "मंग पाट काय वाऱ्यानं उडाला व्हता?"

दुकानदारानं मान खाली घातली आन् जाड प्लास्टिकची पेटी काढली. सुदर्शननं फिल्टर बघितला न्हाई, लाईट लावून बघितला न्हाई. मूठ आवळली आन् पेटीवर हाणली. मंग कोपरानं हाणली. बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. पेटीवर साधा ओरखडा न्हाई. हा खूश झाला, म्हणला, "हीच द्या." मासेबी घेतले, केशरी, पाण्याच्या पिशवीत. गाडीवर त्याच्या मागं बसून मी मांडीवर पेटी धरली आन् हातात पिशवी.

शिनोलीला आरती दारात आली. पोर तिच्या मागं. सुदर्शननं पेटी ओट्यावर ठेवली आन् लई हौसेनं दुकानातलंच परत करून दाखवलं. धाडधाड मुठी घातल्या. "बघ आरती, फुटत न्हाई. आता काळजीच न्हाई."

आरती त्याच्या मुठीकडं बघत व्हती. आवाज न चढवता म्हणली, "मार सोसंल अशी पेटी शोधलीत तुमी. म्हंजी मारायचं तर हायेच. मंग आमा दोघींची हाडं कशाची करून आणू?"

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. पेटी उचलून पायरीच्या दगडावर आपटली. झाकण उडालं, लाईटचा चुरा झाला, फिल्टर गटारात गेला. पेटी फुटंना. परत आपटली. शिव्या देत लाथा घातल्या. शेजारपाजारची माणसं बाहेर आली, पण पुढं कुणी येईना. मी दंड धरला तर मलाच ढकललं. गुडघे सोलवटले माझे, पिशवी तेवढी वर धरली. शेवटी त्याचाच दम संपला. पायरीवर बसून धापा टाकायला लागला, पायातनं रगत आलेलं. पेटी तशीच पडलेली, चार ओरखडे घेऊन.

"मेल्या, ऊठ," मी म्हणले. "काय ऱ्हायलं आता हितं?"

आरतीनं पोरीला आत घेतलं. मंग उंबऱ्यातनंच माझ्यापुढं हात केला.

"अक्का, मासे तेवढे माझ्याकडं द्या."

मी दिले. तिनं आतनं कडी घातली.