बाबांचा वाकडा ठिपका

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. कोरमंगलात सॉफ्टवेअर टेस्टर आहे मी. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं रोज लोकांना ऐकवते... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही के. आर. पुरमला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत मधुमालतीचा वेल आहे. पुण्याहून आई-बाबा राहायला आले, तेव्हा संध्याकाळी त्या फुलांवर एक भलामोठा करडा पतंग यायचा. मला आधी पक्षीच वाटला. हवेत एका जागी थांबून लांबलचक सोंडेने मध प्यायचा. पोटावर गुलाबी पट्टे. बाबांनी पुस्तकं, अ‍ॅप सगळं पालथं घालून नाव शोधलं — कॉन्व्हॉल्व्ह्युलस हॉकमॉथ. मग पुढचा प्रश्न: रोज येतो तो एकच, की वेगवेगळे?

बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन, नकाशे आखणारे. एका सकाळी तो पतंग भिंतीवर निवांत बसलेला दिसला, तसा त्यांनी माझा व्हाइटनर घेतला, डाव्या पंखावर ठिपका द्यायला. हात थरथरला आणि ठिपक्याला शेपटी फुटली, टोकाला आकड्यासारखी वळलेली. मी खो खो हसत फोटो काढला. बाबा हसले नाहीत. "हात गेला गं माझा," एवढंच म्हणाले. त्या हसण्याची टोचणी मला अजून आहे.

खूण केलेला पतंग आठ दिवस संध्याकाळी आला, मग बंद.

"बाबा, हे जेमतेम महिनाभर जगतात."

"एकदा बघून फाइल बंद करतेस होय? वाट बघ जरा."

दोन महिन्यांनी बाबाच गेले.

त्यानंतर आई बाल्कनीत पाऊल टाकेना. वर्षभर चहासुद्धा ओट्याशी, उभ्यानेच. शेवटी म्हणाली, "तो वेल काढून टाक. बघवत नाही मला." रविवारी सकाळी माळीअण्णांना बोलावलं. त्यांनी पहिली फांदी बाजूला केली आणि कात्री खाली ठेवली.

"अक्का, इल्ली नोडी..." इकडे बघा म्हणत त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

पतंग बसला होता. डाव्या पंखावर पांढरा ठिपका... शेपटीसकट.

मी त्याचा एक फोटो घेतला आणि मोबाइलमधला जुना फोटो काढला. आकडासुद्धा त्याच बाजूला वळलेला! आई कधी बाहेर आली कळलंच नाही. फोटो, भिंत, पुन्हा फोटो... आणि बाल्कनीतल्या बाबांच्या खुर्चीत बसली.

"हात गेला म्हणत होते," ती म्हणाली. "टिकलाय की अजून!"

मग पदराने डोळे पुसत अण्णांना म्हणाली, "वेल राहू दे."

"सरी, अम्मा," म्हणून ते गेले.

पतंगप्रेमींच्या ग्रुपवर मी दोन्ही फोटो टाकले. जाणकार म्हणाले, इतकं जगणं शक्य नाही. पंखांचे खवले झडतात, व्हाइटनर टिकणारच नाही. दुसऱ्या कोणीतरी खूण केली असेल. असेलही.

पण दुसऱ्या कोणी केली असती, तर ठिपका सरळ नसता का आला?