पाच तासांची बैठक

"मोकळ्यावर जायची सवय असेल ना तुमच्याकडे? मग जा की मागच्या बाजूला."

ओपीडीत नऊ-दहा पेशंट बसले होते. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात डॉक्टरसाहेब बोलले. मी फक्त संडासाची किल्ली मागितली होती. दोघंजण हसले. एक बाई खाली बघायला लागली. मी "सॉरी सर" म्हणाले. हो, मीच म्हणाले. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मनीषनगरातलं त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल. पहिल्या मजल्यावर एक स्वच्छ संडास, त्याला कुलूप, किल्ली साहेबांच्या टेबलावर. बाकीचे डॉक्टर न विचारता उचलायचे. सिस्टर मागायच्या, त्यांना मिळायची. मला आणि झाडणाऱ्या दोन बायांना मागची पत्र्याची खोली. तिला कडी नव्हती. एका हाताने दार धरून बसायचं.

मी झाडायला नव्हते. मी किर्गिझस्तानातून एमबीबीएस करून आले होते. तिथल्या मास्तरांना माझं आडनाव धड उच्चारता येत नव्हतं, त्यावरून ते जात काय ओळखणार? नागपुरात साहेबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. आडनाव विचारलं, गाव विचारलं. उमरेड म्हटल्यावर हसून म्हणाले, "म्हणजे छप्पन सालवाले तुम्ही, दीक्षावाले." बस्स. तेव्हापासून किल्ली बंद.

बाहेर शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. तीनशे प्रश्न, एकाच दिवशी. सकाळी अडीच तास, दुपारी अडीच तास. निम्मे बरोबर आले तर लायसन्सचा रस्ता मोकळा. नाही आले तर तुम्ही कोणीच नाही. तोवर मी साहेबांकडे असिस्टंट. केस पेपर लिहायचे, सलाईन लावायचं, आणि पेशंटने 'डॉक्टर' म्हटलं की साहेबांनी तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, "डॉक्टर नाही हं ती अजून."

पहिल्यांदा नापास झाले. सकाळचा पेपर छान गेला होता. दुपारी शंभर प्रश्नांनंतर डोकं चालेना. एकच ओळ चार-चार वेळा वाचायची आणि काही कळायचं नाही. नऊ गुणांनी गेली परीक्षा. साहेबांनी स्टाफसमोर पेढे मागितले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाठांतर होतं गं तुमच्याकडून. पण बैठक? ती पिढ्यांनी येते. माझे आजोबा दहा-दहा तास पाटावरून हलायचे नाहीत. आणि या परीक्षेत कोटा नाही ना, म्हणून तुमची पंचाईत."

शिव्या मी ऐकून घेतल्या असत्या. पण हे मला पटलं. माझ्यासारख्या शिकलेल्या मुलीला पटलं. आपल्यात बैठक नाही, ती आता मारून-मुटकून आणायची, असं मी ठरवलं. सुट्टीच्या दिवशी खुर्चीला ओढणीने कंबर बांधून पाच-पाच तास बसायचे. उठायचं नाही. पाणी प्यायचं नाही, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. पाणी न पिण्याची सवय तर होतीच. हॉस्पिटलात सकाळी आठपासून मी घोट घेत नव्हते, कारण ती कडी नसलेली खोली. माझी मैत्रीण म्हणायची, तुझा स्टॅमिना जबरदस्त आहे. मला अभिमान वाटायचा. तहान दाबण्याला मी बैठक समजत होते.

दुसऱ्या परीक्षेला मी आदल्या संध्याकाळपासून कोरडी होते. दुपारच्या पेपरात अंगात हुडहुडी भरली. कमरेत उजव्या बाजूला कोणी सुरी फिरवतंय असं दुखत होतं. आणि स्क्रीनवर प्रश्न आला. पंचवीस वर्षांची स्त्री, थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. निदान काय? मी बरोबर उत्तर दिलं. मूत्रपिंडाला संसर्ग. उत्तर दिलं आणि हसायला आलं, कारण ती बाई मीच होते. परीक्षा संपल्यावर तिथल्या संडासात गेले, तर लघवीत रक्त. पुन्हा नापास.

घरी उमरेडला गेले. पंधरा दिवस औषधं. बाबा खाणीत पहिल्या पाळीला जायचे, घरात मी आणि आई. आई हातमागावर बसते. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून, पायाने पावड्या दाबत, हाताने धोटा मारत. जन्मापासून मी तो आवाज ऐकलेला. पण तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. खाटेवर पडून पहिल्यांदा बघितलं. सकाळी नऊला बसली ती दुपारी बाराला उठली. जेवली. एकला पुन्हा बसली ती थेट चारला उठली. मी मनातल्या मनात बेरीज केली आणि माझं रक्त खवळलं. सहा तास. रोज. सव्वीस वर्षं. आणि मला तो माणूस बैठक शिकवत होता. त्याच्या आजोबांची पाटावरची बैठक मोजली गेली, कारण समोर पोथी होती. माझ्या आईची खड्ड्यातली कोणी मोजली नाही. मी पण नाही. ही लाज साहेबांनी दिलेली नाही, ही माझी स्वतःची आहे.

आणखी एक बघितलं. हातभर विणून झालं की आई थांबायची. शेजारच्या गडव्यातून पाणी प्यायची, मान दोन्हीकडे वळवायची, पुन्हा धोटा हातात. उठायचं असेल तर उठून परसात जाऊन यायची. मी तिला विचारलं, मध्ये-मध्ये थांबलीस तर लय तुटत नाही का?

"काहून तुटंन? पाणी नाई पेलं त धागा दिसत नाई डोयाले," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं. "तू काहून नाई पेत वं पाणी? कोन अडवते तुले?"

किल्लीची गोष्ट मी तोवर घरी सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. आई रडली नाही. तिने माग थांबवला, खड्ड्यातून पाय वर घेतले आणि म्हणाली, "कुलूप तोडता नाई येत तुले? इतकी शिकली त."

औषधं संपेपर्यंत मी मागाच्या शेजारी सतरंजी टाकून बसले. आई नऊला बसली की मी नऊला. ती धोटा मारणार, मी सराव पेपर सोडवणार. पंचवीस प्रश्न, मग पाणी. पंचवीस प्रश्न, मग मान वळवायची. किती उरले ते बघायचं नाही, हातातला हातभर बघायचा. लागलं तर उठायचं, तीन मिनिटं जातात, जाऊ द्यायची. दुपारी पुन्हा एकला. उन्हाने छताचा पत्रा तापायचा, पाठ भिजायची. पहिल्या आठवड्यात दुपारी मी कोलमडत होते. दुसऱ्या आठवड्यात दीडशेवा प्रश्न पहिल्यासारखा दिसायला लागला. माझा मलाच विश्वास बसेना.

ड्यूटीवर परत आले त्या सकाळी येतानाच लिटरभर पाणी प्यायले. अकरा वाजता किल्ली मागितली. साहेबांनी ती उचलून खिशात टाकली आणि पुढचा पेशंट बोलावला.

ऑक्सिजन सिलिंडर उघडायचा लोखंडी पाना जिन्याशी टांगलेला असतो. तो घेतला आणि वर गेले. पहिल्या घावाला कुलूप नुसतं वाकलं. दुसऱ्याला बाहेरचा कोयंडा निखळला. तिसरा घाव गरजेचा नव्हता, तरी घातला. चौथाही घातला. दाराची फळी चिरली. मग आत गेले, सावकाश, आतून कडी लावून.

बाहेर आले तर साहेब दारात. मागे सिस्टर, जिन्यावर पेशंट. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. जातीवरून शिवी दिली, अख्खी, जातीचं नाव घेऊन. आणि पुन्हा हात उचलला. तो मी वरच्या वर धरला. माझ्या दुसऱ्या हातात पाना होता. खोटं कशाला बोलू, मला मारायचं होतं. त्यांचं डोकं माझ्यापासून हातभर होतं आणि कवटीचं हाड कुठे पातळ असतं ते मला पाठ आहे. त्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते माझ्या मुठीतून हात ओढून घ्यायला लागले. मी पाना त्यांच्या पायाशी टाकला. फरशी फुटली.

मी त्यांच्याशी आजवर शाळेतली मराठी बोलत आले होते. त्या दिवशी घरची बोलले.

"कुलपाची तक्रार तुमी करा सर. थापडीची अन् शिवीची मी करून राहिली."

गेलेच. चालत पोलीस स्टेशनला गेले, गालावर बोटं उठलेली होती तोवर. ॲट्रॉसिटीच्या कायद्याखाली तक्रार लिहून घ्यायला त्यांना चार तास लागले. मी चार तास बसले. जिन्यावरच्या पेशंटपैकी एक म्हातारे गृहस्थ हिंगण्याहून आले होते. कोणी न बोलावता ते साक्ष द्यायला येऊन बसले.

आता मी उमरेडला घरी आहे, तिसऱ्या परीक्षेला एकोणीस दिवस आहेत. गेल्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, त्यांच्या मेहुण्याच्या तोंडून. तक्रार मागे घे, अनुभवाचं प्रमाणपत्र देतो, पुढे इंटर्नशिपला ओळख लावून देतो. नाहीतर नागपुरात कुठलंच हॉस्पिटल तुला उभं करणार नाही. मैत्रीण म्हणाली, आधी पास तर हो, भांडण नंतर कर.

मेहुण्याला मी घरात घेतलं, पाणी दिलं, आणि सांगितलं ते इथे पुन्हा लिहिते. नापास झाले तर चौथ्यांदा बसेन, पाचव्यांदा बसेन. पण तक्रार नापास झाले तरी मागे घेणार नाही. आणि पास झाले तरी नाही.