साहेबांच्या ताटातला हामूर

ऐंशीच्या दशकात मी बहरीनमध्ये समुद्रतळाचा गाळ तपासायचो. मआमीरच्या किनाऱ्याला कारखाने खेटलेले. तिथल्या गाळाला तेलाचा वास यायचा, तपासणीत शिसं सापडायचं. आमचे साहेब मात्र एसीतून न उठता सांगायचे, "गाळ स्वच्छ आहे, तसंच रिपोर्टमध्ये लिहा." त्या लाळघोट्याच्या हाताखाली माझी उमेदीची वर्षं गेली.

एकदा ते आमच्याकडे जेवायला आले. बायकोनं हामूर मासा तळला होता. घास तोंडाशी नेता नेता त्यांनी विचारलं, "मासा कुठला?"

"मआमीरचा," मी म्हणालो.

घास ताटात परत आला. साहेबांना एकाएकी आपलं जुनं पोटदुखणं आठवलं आणि त्यांनी दहीभात मागितला.

मासा पार पश्चिम किनाऱ्यावरच्या झल्लाकचा होता. त्यांच्या ताटातली तुकडी उचलून मी त्यांच्यादेखत काट्यापर्यंत चाखून खाल्ली.