स्केटिंगचे चार पोशाख

मी कापडाचा माणूस आहे. पणजोबांपासून आमच्या घरात मैसूरला शिवणकाम चालतं. घरात विठ्ठल, बोलण्यात निम्मी कानडी, आणि दुकानात लोक मला 'मास्टर' म्हणतात. आमच्या धंद्यात एक खोटं इतकं रोजचं आहे की ते खोटं वाटतच नाही. गिऱ्हाईक विचारतं, झालं का? आपण म्हणतो, झालंच, हुक तेवढे बाकी. त्या वेळी कापड कधीकधी कापलेलंही नसतं. माझे वडील असंच म्हणायचे, मीही म्हणत आलो. गिऱ्हाईक कुरकुरतं, दुसऱ्या दिवशी येतं, हसतं. कुणाचं काही बिघडत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर स्केटिंगच्या सरांनी मला सहा पोशाख शिवायला दिले. आमच्याकडं बर्फ कुठला? सिमेंटच्या रिंगणावर, चार चाकांच्या बुटांवर मुली गिरक्या घेतात, एक पाय मागं उचलून कमानीसारख्या वाकतात. बंगळूरला स्पर्धा होती. कापड ताणलं की लांबणारं, निळं, गळ्याशी जाळी आणि टिकल्या. मी ब्लाऊज शिवणारा माणूस. असल्या कापडाला वेगळी सुई लागते हे मला ठाऊक नव्हतं. साध्या सुईनं टाके सुटत गेले, दोनदा उसवावं लागलं. त्यात दसऱ्याचे ब्लाऊज. कुणालाच नाही म्हणायचं नाही, ही माझी सवय.

निघायच्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला.

"मास्टरे, आयता? झाले का? तीनला व्हॅन सुटणार. नसतील झाले तर सांगा, जुन्या ड्रेसवर नेतो मुलींना."

"आयतु सार," मी म्हणालो, "हुक तेवढे बाकी."

दोन पोशाखांच्या बाह्या अजून लागायच्या होत्या.

सर तीनला स्कूटरवरून दुकानात आले आणि बाकावर बसून राहिले. मुली तिकडं मैदानावर व्हॅनपाशी थांबल्या होत्या. सर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत.

"काय मास्टर, स्पर्धा उद्या आहे, पुढच्या दसऱ्याला नाही."

"झालंच सार. कॉफी सांगू?"

"कॉफी नको, हुक लावा!"

साडेचार वाजून गेल्यावर मी पिशवी त्यांच्या हातात दिली. अंधार पडता पडता बंगळूरच्या रस्त्यावर एक ट्रक बंद पडून उभा होता, मागचे दिवे नसलेला. व्हॅन त्याच्यावर जाऊन आदळली. चार मुली गेल्या, ड्रायव्हर गेला. दोन मुली वाचल्या. सरांचा हात मोडला.

तीन वाजता निघाले असते तर त्या जागेवरून उजेडातच पुढं गेले असते. हा हिशेब करायला मला दुसऱ्या कुणाची गरज पडली नाही.

मी सरांना बघायला दवाखान्यात गेलो. त्यांनी बायकोला बाहेर पाठवलं आणि मला म्हणाले, "पोलिसांना मी सांगितलंय, मुली जमायला उशीर झाला. तेवढंच. तुम्ही उशीर केलात, पण थांबलो मी. आता दोघंही सुम्मने राहू." म्हणजे गप्प राहू. मला इतका सुटल्यासारखा श्वास आला की त्याची लाज मला आजही वाटते.

वाचलेल्या मुलींना सर कुठं गेले होते हे माहीत नव्हतं, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. चौघींच्या अस्थी टी. नरसीपूरच्या संगमावर सोडल्या. मी तिथंही गेलो होतो. मागं उभा राहिलो.

दहा महिन्यांनी सरांनी एक कार्यक्रम ठरवला. गेलेल्या मुलींच्या आठवणीसाठी स्केटिंग, आणि जमलेले पैसे वाचलेल्या दोघींच्या पायांच्या ऑपरेशनला. ते माझ्याकडं आले ते तीच पिशवी घेऊन. पोलिसांकडून परत आलेली. आत सहाही पोशाख घडी केल्यासारखे, एक टिकली हललेली नाही. कुणाच्याही अंगाला न लागलेले.

"यातले चार दुसऱ्या मुली घालतील," सर म्हणाले. "मापं थोडी बदलायची आहेत. यावेळी अवसर नको, मास्टर." अवसर म्हणजे घाई. ते सहज बोलून गेले आणि मग घाईनं पिशवी माझ्याकडं सरकवून निघाले.

मी उसवायला बसलो. आपलीच शिवण आपल्याला ओळखू येते. कुठं घाईत टाका लांब पडला, कुठं दोरा संपला म्हणून जोड दिला, सगळं दिसत होतं. एका बाहीची शिवण तर इतकी वाकडी गेली होती की एरवी मी ती गिऱ्हाइकाला दिली नसती. ज्यासाठी एवढ्या जणांना थांबवलं, ते कामही धड नव्हतं.

त्याच आठवड्यात गेलेल्या एका मुलीची आई दुकानात आली. चामराजपुरमला राहणारं आपलं मराठी कुटुंब, दोघं नवरा-बायको सरकारी ऑफिसात. तिला आपल्या मुलीचा पोशाख बघायचा होता.

"मास्टर, कापणार काय हो तुम्ही तो?"

"नाही अक्का. शिवणीत माया सोडलीय, जादा कापड. तेवढी उसवली की मोठ्या मुलीला होतो."

तिनं तो मांडीवर घेतला. टिकल्यांवरून बोट फिरवलं. बोलता बोलता कानडीत गेली, मग परत मराठीत आली.

"त्या दिवशी उशीर माझ्या पोरीमुळं झाला, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

मी हातातली कात्री ठेवली.

"तीनला बोलावलं होतं. मी तिची वेणी घालत बसले. घट्ट आंबाडा पाहिजे म्हणून सर सांगायचे की. तीन वीसला सोडलं आणि तशीच ऑफिसला परत गेले. सर म्हणाले ना, मुली जमायला उशीर झाला? बाकीच्या सगळ्या तीनला हजर. म्हणजे कोण राहिलं? माझीच." तिनं पोशाखाची बाही सरळ केली. "आमच्या यांनी दवाखान्यात एकदाच म्हटलं, तुझ्यामुळं. परत कधी म्हटलं नाही. परत दुसरंही काही म्हटलं नाही."

दुकानात आम्ही दोघंच होतो. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. अक्का, व्हॅन साडेचारच्या पुढं सुटली, माझ्यामुळं. एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नशीब, अक्का."

ती म्हणाली, "होय. असंच म्हणतात सगळे."

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी झाला. रिंगणाच्या कडेनं खुर्च्या, एका टेबलावर चौघींचे फोटो. पहिल्या रांगेत त्यांचे आईवडील. मुली निळ्या पोशाखात आल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. चांगलं स्केटिंग झालं, हे मला सांगायलाच हवं. चौघी हात धरून वर्तुळात फिरत होत्या, मग हात सोडून एकेकीनं गिरकी घेतली. सिमेंटवर चाकांचा घरघर आवाज, आणि खुर्च्यांमध्ये कुणीतरी तोंडावर पदर धरून रडत होतं. मी मात्र पूर्ण वेळ ती वाकडी बाही शोधत होतो. मी ती पुन्हा नीट शिवली होती.

शेवटी सरांनी माईकवर माझं नाव घेतलं. म्हणाले, या मास्टरांनी एक रुपया न घेता सगळं काम केलं, असा मनुष्य मैसूरात मिळायचा नाही. माझ्या खांद्यावर शाल आली, गळ्यात चंदनाचा हार, डोक्यावर जरीचा पेटा, म्हणजे इकडची पगडी. हार घालणारे गृहस्थ गेलेल्या एका मुलीचे वडील होते. त्यांनी माझे हात हातात घेतले.

स्टेजवरून सगळं दिसतं. पहिल्या रांगेत त्या अक्कांचे यजमान बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी. त्या स्वतः पार मागं, गेटजवळ, चपलांच्या शेजारी उभ्या होत्या. बाकीच्या आया आपल्याकडं कशा बघतील म्हणून पुढं आल्या नसाव्यात.

सरांनी माईक माझ्यापुढं धरला. दोन शब्द बोला. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती बघून मला थोडं बरंही वाटलं. मी म्हणालो, देव चारही मुलींना सद्गती देवो. टाळ्या वाजल्या.

पाच दिवसांनी मी चामराजपुरमला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. फोन, हुक, बाह्या, सर बाकावर बसलेले, दवाखान्यातलं बोलणं. दोघंही घरी होते. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा मला हाकलून देईल. कुठंतरी असंही वाटलं होतं, की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि ते मी उतरवलेलं असेल. हे लिहिताना कळतं, मी तिच्यासाठी गेलोच नव्हतो.

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "रविवारी माईक तुमच्या हातात होता."

"होय."

"तिथं सगळे होते. तिथं सांगायचं. इथं मला एकटीला सांगून काय? आणि माझी वीस मिनिटं? ती कुठं जातात? वेणी मीच घालत बसले होते ना?"

तिचे यजमान तिच्याकडं बघत होते. "म्हणजे इतके दिवस…" असं काहीतरी म्हणायला लागले.

"तुम्ही बोलू नका आता," ती त्यांना म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दहा महिने झाले. शिंप्यानं येऊन सांगितल्यावर तुम्ही मान वर करून बघताय माझ्याकडं."

 मी उठलो तशी ती दारापर्यंत आली.

"बाकीच्या तीन घरी जाऊन सांगा. मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं. आणि मग मला येऊन सांगायचं की सांगितलं."

दोन घरी मी गेलो. एका घरी मुलीच्या काकांनी माझी गचांडी धरली. ते मला सोपं गेलं. दुसऱ्या घरी त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं. सरांनी माझ्याशी बोलणं सोडलं, वर्षभरात ते मैसूर सोडून गेले.

तिसरं घर बन्नीमंटपाच्या बाजूला, मला हार घालणाऱ्यांचं. त्यांच्या गल्लीपर्यंत दोनदा जाऊन परतलो. तिसऱ्यांदा ते फाटकातच उभे होते. "अरे मास्टर! बन्नी, बन्नी, या आत," म्हणत आत घेऊन गेले. बायकोला हाक मारली, पोशाख शिवले ते हे मास्टर म्हणून. तिनं कॉफी आणली, साखर बरोबर आहे का विचारलं, मुलीचा फोटो दाखवला. कार्यक्रमातलाच फोटो होता तो, टेबलावरचा.

मी कॉफी प्यायलो. छान झालीय म्हणालो. आणि घरी आलो.

चामराजपुरमच्या त्या रस्त्यानं मी आता जात नाही.