कच्ची नक्षी

वहिनींचा संशय जन्मजात. सख्ख्या आईने भरवलेला घासही त्यांनी वास घेऊनच गिळला असेल, असं त्यांचा धाकटा दीर म्हणायचा. पण हाच स्वभाव त्यांना कारखान्यात पावला. तिथे प्रकाशाच्या गाळण्या बनत. सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीत बसून असंख्य रंगांतून लाल रंगाची केसाएवढी एकच छटा वेचून घ्यायची, हे या गाळण्यांचं काम. नखाएवढ्या स्फटिकात दोन बाजूंनी लेझरचे किरण सोडले, की ते एकमेकांना छेदतात तिथे उजेड-अंधाराची अतिसूक्ष्म नक्षी उमटते. हा झाला होलोग्राम, आणि हीच ती गाळणी. तो उमटवण्यात वहिनींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण ही नक्षी आधी कच्ची असते. भट्टीत तापून पक्की होईपर्यंत अंगावर पडलेला उजेडच तिला पुसत जातो. म्हणून स्फटिक काळ्या डबीतून न्यायचा. नक्षी उमटली का, हे बघायला एकदा मंद किरण सोडायचा. पुठ्ठ्यावर लाल ठिपका दिसला की पुरे. तेवढ्याने काही बिघडत नाही.

भट्टी दिराकडे होती. वहिनींनीच शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. एकदा त्याच्या भट्टीतून एक स्फटिक अगदीच फिका, नक्षी पुसट झालेला निघाला आणि वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. घरी तान्हं मूल, रात्रीची झोप नाही; हा भट्टीपुढे पेंगत असणार!

मग त्या ताकही फुंकून पिऊ लागल्या. नक्षी उमटली की बघायच्या, डबीत ठेवताना बघायच्या, भट्टीच्या दाराशी परत बघायच्या. दर वेळी ठिपका दिसायचा. तरी पुढचे स्फटिक आणखी फिके निघाले. म्हणजे पाणी भट्टीतच मुरत होतं! शेवटी त्या साहेबांकडे गेल्या.

साहेब म्हणाले, "तुमचे दीर आहेत, म्हणून सांगतो. एक स्फटिक भट्टीसकट तुम्हीच करून बघा. तो चांगला निघाला, तर त्यांना घरी बसवावं लागेल."

वहिनींनी केला. असा झकास निघाला, की साहेबांनी लगेच दिराला बोलावून घेतलं.

दिराने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. बाळाच्या बापाचा तो पडलेला चेहरा वहिनींना बघवेना.

"एक सांगू, वहिनी?" तो म्हणाला. "आज तुम्ही किरण सोडून एकदाही बघितलं नाहीत."

"कशाला बघू? डबी माझ्याच हातात..."

वहिनींच्या पायाखालची वाळू सरकली. पहिला स्फटिक कशाने बिघडला, देव जाणे. बाकीचे सगळे त्यांनीच बघून बघून पुसले होते.

"साहेब," त्या कशाबशा म्हणाल्या, "भावजींची चूक नाही. माझी आहे." आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. दिराची नोकरी वाचली. वहिनींना त्या दिवशी इतकं हलकं वाटलं, की घरी जाताना त्यांनी बाळासाठी खुळखुळा घेतला.

दुसऱ्या दिवशी नवी नक्षी उमटली. वहिनींनी एकदाच बघितलं, स्फटिक डबीत ठेवला आणि भट्टीपाशी जाऊन डबी पुढे केली. हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते आवरले.

दिराने हात मागे घेतला.

"आधी माझ्यासमोर बघा."

"अहो भावजी, पुसेल ना! बघितलंय मी."

"तुम्ही बघितलंय हो. मी नाही. उद्या फिका निघाला तर पुन्हा माझ्याच माथी येईल. माझ्या पदरात पोर आहे."

वहिनींनी किरण सोडला. पुठ्ठ्यावर ठिपका उमटला.

"दिसला?"

"दिसला," दीर म्हणाला. "आणखी एकदा बघू."