पडायच्या आधी काय होतं

मी शाळेत होते तेव्हा बाबा ऑफिसला निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून पिशवीत टाकायचे आणि डब्यासोबत घेऊन जायचे. आईला झटके यायचे. ती शेगडीपाशी पडली तर भाजेल ही त्यांची भीती खरी होती, त्यामुळे त्यांना नावं ठेवता येत नाहीत. पण ते घरी येईपर्यंत आमच्याकडे चहासुद्धा होत नसे. दिल्लीत सरोजिनी नगरच्या एका खोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी शाळेतून आले की गार पोळी आणि लोणचं खायचे. आईनं भाजीला एकटीनं खाली उतरायचं नाही, अंघोळीला आतून कडी लावायची नाही. दाराबाहेर मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसायचे, आणि ती आतून दोन-दोन मिनिटांनी विचारायची, "आहेस ना गं?" चाळीस वर्षांची बाई. तिला एकटीनं असं काही कोणी करूच देत नसे.

झटका आला की बिल्डिंग गोळा व्हायची. वरच्या मजल्यावरची आंटी जोडा हुंगवायला धावायची, कोणी कांदा फोडायचं, कोणी दातांत चमचा घालायला बघायचं. (घालू नये. दात तुटतो. कुशीवर वळवावं आणि झटका किती वेळ चालतो ते घड्याळात बघावं. हे मी नंतर प्रत्येकाला सांगितलं, आणि प्रत्येकानं पुढच्या वेळी चमचाच आणला.) एवढ्या माणसांत आईकडे बघणारं कोणी नसायचं. सगळे वस्तू शोधण्यात.

झटका ओसरल्यावर तिचा उजवा हात अर्धा तास लुळा पडायचा, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की लकवा आहे. पहिल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. दुसऱ्यांनी मानेची नस दबलीय म्हणून पट्टा दिला. तो तिनं अख्खा मे महिना, दिल्लीच्या मे महिन्यात, गळ्यात घातला. तिसरे म्हणाले अशक्तपणा आहे, आणि टॉनिक लिहून दिलं. झटके येतच राहिले.

मला डॉक्टरांचा नाही येत तेवढा संताप आमचा येतो. बाबा केंद्र सरकारच्या एका कार्यालयात शिपाई होते आणि आपलं हिंदी साहेबांसारखं आहे असं त्यांचं मत होतं. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. त्यामुळे दवाखान्यात आई स्टुलावर बसायची आणि बाबा बोलायचे. तेही दोन वाक्यं. डॉक्टरसाहेबांचा वेळ खायचा नसतो, हा त्यांचा नियम.

मी बीएस्सी झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी खाली मान घालून सांगणार नाही. मी डॉक्टर नाही, पण आधी नीट बघायचं आणि मग नाव द्यायचं, एवढं प्रयोगशाळेनं शिकवलं होतं. मी घरी सांगून पाहिलं. नुसती चक्कर आली तर माणूस पांढरा पडतो, कोसळतो आणि मिनिटभरात आपल्याला ओळखतो. आई पाव तास कोणालाच ओळखत नाही. लकव्यात हात बहुतेक वेळा आधी लुळा पडतो, असे झटके येऊन गेल्यावर नाही. हे मला वेगळं दिसतंय.

बाबा म्हणाले, "हो का, डॉक्टरीणबाई? तीन डॉक्टर चुकले आणि तू तेवढी बरोबर."

शेवटी नोकरीतून सुट्टी काढून मी आईला मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मेंदूविकाराच्या ओपीडीत नेलं. बाबा आलेच. तीन तास रांगेत बसलो. आत माझ्याच वयाची डॉक्टर होती. तिनं आईकडे बघून विचारलं, "गिरने से पहले क्या होता है?"

बाबा म्हणाले, "कुछ नहीं जी, चक्कर आता है, गिर जाती है."

डॉक्टर लिहायला लागली. आईनं हलकेच माझी ओढणी ओढली, आणि बाबा बोलतात, आई स्टुलावर बसून राहते, हे वर्षानुवर्षं बघितलेलं दृश्य मला त्या दिवशी बघवेना.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"हो. पाच मिनिटं."

ते गेले. रागानं गेले. मी आईला म्हटलं, तू मराठीत सांग, मी हिंदीत शब्दन्‌शब्द सांगते. ती सांगू लागली. आधी उजव्या अंगठ्याला मुंग्या येतात. मग अंगठा आपोआप उडायला लागतो, मग मनगट, कोपर, मग तोंडाचा उजवा कोपरा खेचला जातो. तिथपर्यंत तिला सगळं कळतं. पुढचं माहीत नाही. डॉक्टरनं पेन खाली ठेवून पुन्हा विचारलं, दर वेळी अंगठ्यापासूनच? आई म्हणाली, दर वेळी.

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ह्यांना सांगितलं होतं. हे म्हणाले, अंगठ्याचं काय सांगायचं डॉक्टरांना."

डॉक्टरनं मला समजावलं. ही मिरगीच, म्हणजे फेफरं, पण मेंदूच्या एका ठिकाणाहून सुरू होणारी; ते ठिकाण हात हलवणारं. झटक्यात तो भाग थकतो, म्हणून नंतर हात लुळा. लकवा नाही, नस नाही, अशक्तपणा नाही. नंतर स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, म्हणजे उजवा हात चालवणाऱ्या बाजूला, एक जुना, सुकलेला ठिपका निघाला. रक्त पातळ करायची गोळी बंद झाली, मिरगीची सुरू झाली.

त्या दिवशी बाहेर येऊन मी बाबांना अंगठ्याचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हिंदीत अंगठ्याला अंगूठाच म्हणतात. मला येत होतं सांगायला." मी आईला घेऊन स्कॅनची तारीख घ्यायला खिडकीकडे निघाले. थांबले असते तर तिथेच भांडण झालं असतं.

सुरुवातीला डोस दोनदा वाढवावा लागला. त्यानंतर तीन वर्षं झाली, आईला एकही झटका आलेला नाही. ती सकाळ-संध्याकाळ गोळी घेते, आणि गेल्या महिन्यात मेट्रोनं एकटी करोल बागला जाऊन आली.