निळ्या चपलेचं जाळं

परवा दौंड स्टेशनबाहेर चपला दुरुस्त करणाऱ्यानं तापलेल्या सुरीनं रबर कापलं, आणि त्या जळक्या वासानं मला थेट भीमेकाठच्या आमच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

माझी सातवीची परीक्षा नुकतीच संपली होती. धरणाचा फुगवटा ओसरू लागला होता आणि आबा, माझे वडील, मासेमारीसाठी नवं जाळं बांधत होते. जाळ्याची वरची कड तरंगती राहावी म्हणून तिला रबराचे तुकडे ओवतात. घरातल्या जुन्या चपला संपल्यावर आबांनी माझी निळी जोडी उचलली.

"आबा, ती शाळंत घालायची हाय."

"आता कसली शाळा? सातवी झाली, बास. मासं कोण साफ करणार?"

माझी शाळा सुटली, हे मला असं कळलं.

आईनं कापायला चप्पल घट्ट धरली, आबांनी चुलीत तापवलेली सुरी चालवली. तुकडे ओवायला मलाच बसवलं.

पहिल्याच दिवशी जाळं भरून चिलापी मासळी आली. आईनं कालवण केलं आणि माशाचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. मी मिटक्या मारत खाल्ला.

लोक म्हणतात, तेव्हाची परिस्थिती समजून घे. घेतली. पण ते कालवण इतकं चवदार व्हायला नको होतं.